मोहाच्या दारूवर चाललेली मोटर

पोलादपूरला आमची एक मोटर होती. पहिल्या जर्मन लढाईत माझे मालक इराकात बसऱ्याकडे लष्कराच्या लॉऱ्या चालवत होते. तिथून परत आल्यावर भाऊबंदांनी त्यांना नांगर धरायला सांगितलं. त्यांनी दोन पावसाळे धरलाही, पण मन रमेना. मग मुंबईला एका कारखान्यात काही वर्षं राहिले आणि एक जुनी, वर कापडी टप असलेली मोटर घेऊन आले. पोलादपूर ते महाड अशी ती चालायची. आत माणसं, टपावर कोंबड्या, करंड्या, आणि कधीकधी नव्या नवरीची पेटी.

मी महाडची. मुलींच्या शाळेत चार इयत्ता शिकलेली. डोंगरातल्या घरात दिली म्हणून माझ्या मावश्या हळहळल्या होत्या. मला मात्र त्या मोटरीचा अभिमान वाटायचा, हे खोटं कशाला सांगू.

ती मोटर वर्षातले नऊ महिने चालायची. पेट्रोलचे डबे मुंबईहून बाणकोटच्या खाडीतून शिडाच्या पडावाने महाडच्या बंदरात यायचे. वैशाख संपला की समुद्र खवळायचा, पडाव बंद व्हायचे, आणि ते नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू व्हायचे. घाटावरून वाईच्या बाजूने एखादा डबा यायचा, पण आंबेनळीच्या घाटात दरड आली की तीही वाट संपली. जास्त पेट्रोल घरात साठवायला मनाई होती. आणि मनाई नसती, तरी गवताने शाकारलेल्या घरात, जिथे दिवसभर चूल पेटलेली, तिथे ते ठेवायचा धीर कोणाला होता? तेव्हा पावसाळाभर मोटर पडवीशेजारच्या छपरात उभी असायची. हे रोज तिच्यावरचं पाणी पुसायचे.

आमची मुलगी तशाच एका आषाढात गेली.

तिला घटसर्प झाला होता. घसा धरला, श्वास घेताना शीळ वाजल्यासारखा आवाज येऊ लागला. महाडच्या दवाखान्यात डॉक्टर होते. वाट पक्की होती, सावित्रीवरचा पूल तेव्हा नुकताच झालेला होता. पण पेट्रोलचा थेंब नव्हता. यांनी टाकी उलटी केली, रबरी नळीने ओढून पाहिलं, नुसता वास आला. मग डोली केली. दीर, चुलतदीर खांदा बदलत पावसातून पळत होते, मी घोंगडी घेऊन मागे. पूल दिसायला लागला तेव्हा पोरीचा आवाज थांबला होता. हे डोलीपाशी वाकले, तिच्या तोंडावरची घोंगडीची कड दूर केली आणि नुसते उभे राहिले. तिथूनच आम्ही परत फिरलो.

घरी आल्यावर सगळ्यांत आधी मला छपरातली मोटर दिसली. स्वच्छ पुसलेली. त्या दिवसापासून मी त्या बाजूने पाण्याला जाईनाशी झाले.

हे त्यानंतर फार कमी बोलत. माघ-फाल्गुनात डोंगरात मोहाची फुलं पडायला लागली. आमच्याकडे मोहाची झाडं भरपूर. फुलं वेचून, वाळवून, कुजवून त्यांची दारू काढणारे लोक डोंगरात होते, आणि ती पकडणारे अबकारीचे शिपाईही होते. पकडलेली दारू महाडला कचेरीमागे आणून मातीत ओतत. एकदा मोटर उभी करून हे ते बघत राहिले. संध्याकाळी जेवताना म्हणाले, "बसऱ्याला एक गोरा मिस्त्री व्हता. त्यो सांगायचा, इंजिनाला पेट्रोलच पायजे असं नाय. कडक दारूवर बी चालतंय. त्यांच्या मुलखात बटाट्याची करतात म्हनं."

मी म्हटलं, "आपल्याकडे मोटरीला दारू पाजायची?"

"आपल्या डोंगरात पडतंय ते. त्याला पडाव लागत नाय, बंदर लागत नाय." मग म्हणाले, "पावसात बी आसंल."

मी ताटातला भात चिवडत बसले.

महाडच्या दवाखान्यातले डॉक्टर पुण्याकडचे होते. वयाने पन्नाशीचे, विधुर, तपकीर ओढणारे. आमची मुलगी त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती, पण ती हकिगत त्यांच्या कानावर गेली होती. हे त्यांच्याकडे गेले तेव्हा मीही बरोबर होते. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, हसले नाहीत.

"अहो, गाडी चालेल," ते म्हणाले. "पण ही गावठी दारू तशीच घातलीत तर चालणार नाही. तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. ते सगळं काढलं पाहिजे. पुन्हा पुन्हा उकळवायची, वाफ धरायची, आणि शेवटी कळीच्या चुन्यावर ठेवायची. चुना उरलंसुरलं पाणी पिऊन टाकतो. मग जे राहील ते शुद्ध स्पिरिट."

"मग करू की साहेब."

"तुम्ही करायला गेलात तर तुरुंगात जाल. भट्टी लावायचा परवाना तुम्हाला कोण देणार?"

डॉक्टरांकडे औषधांसाठी पाणी शुद्ध करायचं एक तांब्याचं यंत्र होतं. खाली शेगडी, वर बंद भांडं, त्यातून निघालेली वेटोळ्याची नळी थंड पाण्याच्या पिंपातून बाहेर येत होती. आम्ही बोलत होतो तेव्हा ते कोपऱ्यात होतं आणि आम्हा तिघांची नजर एकदमच त्याच्यावर गेली असावी.

मामलेदारसाहेबांना डॉक्टर स्वतः भेटले. हे साहेब हौशी गृहस्थ होते, नवी वस्तू दिसली की उघडून बघायची त्यांना सवय. त्यांनी तोंडीच हो म्हटलं, पण अट घातली. पकडलेली दारू मातीत ओतण्याऐवजी दवाखान्यात न्यायची, शुद्ध करणं डॉक्टरांच्या आवारात त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं, आणि तयार माल बाहेर पडण्याआधी कचेरीच्या कारकुनासमोर त्यात घासलेट ओतायचं, म्हणजे तो कोणाच्या पोटात जायला नको. या घासलेटाचा आम्हाला एक फायदाच झाला. स्पिरिटात पाणी राहिलं असेल तर घासलेट मिसळत नसे, वर तवंग धरून बसे. मग पुन्हा चुना, पुन्हा शेगडी.

एक गोष्ट मला तेव्हाही टोचत होती आणि आजही टोचते. ज्यांची ती दारू, ते डोंगरातले लोक कोठडीत जात होते, आणि आम्ही त्याच दारूवर गाडी चालवायला निघालो होतो. हे मी यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, "ती मातीत जानारच व्हती गो." पण पुढे त्या डोंगरातल्या वाड्यांवरची एखादी बाई सुटलेल्या नवऱ्याला आणायला महाडला निघाली की हे तिला मोटरीत बसवून घेत, आणि उतरताना भाड्यासाठी तिच्या हाताकडे बघत नसत.

त्या उन्हाळ्यात मी रोज मोटरीतून महाडला येऊन दवाखान्याच्या आवारात असायची. चुन्याच्या कळ्या फोडणं, पिंपातलं तापलेलं पाणी उपसून विहिरीचं गार पाणी भरणं, ही माझी कामं. नळीच्या तोंडातून थेंब थेंब पडायचं. पहिल्या खेपेला मोहाचा उग्र आंबूस वास यायचा, तिसऱ्या खेपेपर्यंत तो जवळजवळ नाहीसा होई. हातावर थेंब घेतला की गार लागून क्षणात उडून जायचा. डॉक्टर काचेचं एक तरंगतं माप त्यात सोडून बघत आणि मान हलवत. ते बोलले नाहीत म्हणजे झालं नाही, असं आम्ही समजायचो.

पहिल्यांदा गाडीत घातलं त्या दिवशी इंजिन चालूच होईना. यांनी हँडल मारून मारून खांदा दुखवून घेतला. शेवटी थोडं पेट्रोल घालून इंजिन तापवलं, आणि मग स्पिरिटावर घेतलं. तेव्हा ते धरलं. गाडी निघाली, बाजारपेठेतून गेली. मागे मोहाचा मंद वास राहिला. पारावर बसलेला एकजण ओरडला, "अरे, मोटर पिऊन आलीय रे!" सगळा बाजार हसला. हेही हसले. किती महिन्यांनी हसत होते.

पण वाटेत गाडी गचके देऊन बंद पडली आणि उतारूंना पायी जावं लागलं. कार्बोरेटर उघडला. त्यात पेट्रोलची पातळी राखायला बुचाच्या लाकडाचा एक तरंगता तुकडा असतो, त्याला लाखेचं रोगण दिलेलं असतं. यांच्या बोटाला ती लाख चिकटली. सुतार लाख स्पिरिटातच विरघळवून पॉलिश करतात, हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं! रोगण गेलं, बूच भिजून जड झालं, बुडालं. यांनी महाडच्या कासाराकडून पातळ पितळेचा पोकळ तुकडा डाख देऊन, सांधून घडवून घेतला. इंधन आत सोडणारं भोकही मोठं करावं लागलं, कारण स्पिरिट पेट्रोलपेक्षा जास्त लागतं. लोक विचारत, तेव्हा हे ते लपवत नसत. "जास्त पिते," म्हणायचे. "पन घरचं पिते."

पुढे जे झालं ते मात्र बघण्यासारखं होतं. आमची मोटर जुनी. चढाला लागली की इंजिनात हातोडी मारल्यासारखा ठोका पडायचा. एक दिवस हे मला घेऊन आंबेनळीच्या पहिल्या वळणांपर्यंत गेले. भर चढ, आणि गाडी एखाद्या शहाण्या बैलासारखी न कुरकुरता चढत होती. वर थांबून यांनी झाकण उघडलं, प्लग काढून त्यावर फडकं फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. काजळी नव्हती. इंजिनही नेहमीसारखं तापलेलं नव्हतं. खाली दरीत आमची भाताची खाचरं दिसत होती. हे म्हणाले, "ही गाडी आता आपल्या मुलखाची झाली."

पावसाळा आला. दवाखान्याच्या दगडी खोलीत स्पिरिटाचे डबे भरून ठेवले होते, आणि लागतील तसे ते, इंजिन तापवायपुरत्या पेट्रोलच्या बाटलीसह, पोलादपूरला येत. पडाव बंद झाले, आंबेनळीत दरड आली, आणि आमची मोटर चालू राहिली. डाकेची पिशवी, शिक्षक, मुंबईहून आजारी होऊन आलेले गिरणीतले लोक, सगळे त्या गाडीतून आले-गेले. पहिल्या दिवसांत मी पडवीत उभी राहून ती जाताना बघायची. आनंद व्हायला हवा होता. मला एकच वाटायचं, एक वर्ष आधी का नाही.

श्रावण लागता लागता घाटाखालच्या एका वाडीवरून एका बाळंतिणीला डोलीत घालून आणलं. लावणीच्या खाचरातच तिला कळा लागल्या होत्या. मूल आडवं होतं, एक हात बाहेर आला होता. सुईणीने हात टेकले होते. तिचा नवरा आमच्या अंगणात चिखलात उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, मोटर हाय ना?"

हे घोंगडी टाकून उठले. मला म्हणाले, "तू चल. तिच्याजवळ बाईमानूस पायजे."

मी त्या वाटेने मुलगी गेल्यापासून पावसात गेले नव्हते. मागच्या बाकावर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. ती माझ्याहून लहान होती. कळ आली की माझं मनगट पकडायची, आणि कळ गेली की विचारायची, "आलं काय गो ताई, महाड?" मी दर वेळी "आलंच" म्हणायची. टपावर पाऊस बडवत होता. पूल आला तेव्हा मी डोळे मिटले. गाडी थांबली नाही. फळ्यांवरून जाते तसा नव्हे, दगडावरून जाते तसा सपाट आवाज आला आणि मागे पडला. मी डोळे उघडले तेव्हा समोर महाडची कौलं होती.

डॉक्टरांनी बराच वेळ दार बंद ठेवलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "बाई वाचेल," ते म्हणाले. "मूल आधीच गेलं होतं."

तिचा नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि रडू लागला. हे त्याच्याजवळ जाऊन बसले. त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी आत गेले. ती जागी होती. छताकडे बघत म्हणाली, "मुलगी व्हती म्हनं." मी म्हटलं, "हो." मग मी तिला माझ्या मुलीबद्दल सांगितलं. तोवर मी कोणाहीजवळ, आईजवळसुद्धा, ते बोलले नव्हते. ती ऐकत राहिली आणि मध्येच माझं मनगट तिने पुन्हा धरलं, पण आता हळू.

परतीच्या वाटेवर यांनी पुलाच्या अलीकडे गाडी थांबवली. आम्ही दोघं खाली उतरलो, कठड्यापाशी उभे राहिलो. सावित्री लाल पाण्याने भरून चालली होती. "एक तरी पोचली," हे म्हणाले. मी त्यांच्या बाहीला हात लावला. आदल्या वर्षीच्या दुःखाचा तळ मला तिथे पहिल्यांदा लागला, असं वाटतं.

पुढच्या वैशाखात पुन्हा शेगडी पेटली. ऊन रणरणत होतं. आवारात सावली नव्हती, आणि गार पाणी हाताशी असावं म्हणून यंत्र उघड्यावर विहिरीजवळ मांडलं होतं. नळीखालचं भांडं भरून स्पिरिट शेगडीकडे वाहू लागलं होतं ते यांच्या लक्षात आलं नाही. मी चुना फोडत होते. वर बघितलं तर यांच्या उजव्या हातावरची हवा थरथरत होती, उन्हात तापलेल्या वाटेवर थरथरते तशी. ज्वाळ नव्हती, धूर नव्हता. हे हाताकडे बघत म्हणाले, "हात का भाजतोय गो?" आणि त्याच क्षणी त्यांच्या सदऱ्याची बाही आपोआप तपकिरी होऊन आत वळू लागली.

शुद्ध स्पिरिटाचा जाळ भर उन्हात दिसत नाही. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. मी वाफ गार करायच्या पिंपातलं पाणी घमेल्याने त्यांच्या अंगावर ओतलं, पुन्हा ओतलं, जमिनीवर ओतलं, शेगडीवर ओतलं. कुठे पेटलं आहे ते दिसत नव्हतं म्हणून सगळीकडे ओतत सुटले. डॉक्टर धावत आले तोवर विझलं होतं.

हाताला मलम लावताना ते म्हणाले, "वहिनी, हे पेट्रोल असतं तर पाण्याने विझलं नसतं. पाण्यावर तरंगत पसरलं असतं, तुमच्यापर्यंत आलं असतं. स्पिरिट पाण्यात मिसळतं, म्हणून हे आज बसलेत."

हे वाचले. पण उजव्या हाताची कातडी भरून येताना आखडली. तीन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. हँडल मारणं गेलं, वळणावर चाक फिरवणं गेलं. काही दिवस दिराने गाडी चालवून पाहिली, त्याला ते जमेना. त्यातच मामलेदारसाहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी डॉक्टरांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं, आणि सांगितलं की कागदावर हुकूम नसताना हे चालू ठेवता येणार नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी वर अर्ज केला. उत्तर यायच्या आधी तेही निवृत्त होऊन पुण्याला गेले.

मोटर माणगावच्या एका माणसाला विकली. तो घ्यायला आला त्या सकाळी यांनी त्याला डाव्या हाताने सगळं दाखवलं. पितळेचा तरंगता तुकडा, मोठं केलेलं भोक, हे का केलं आणि पेट्रोलवर चालवायची तर काय बदलावं लागेल. तो माणूस घाईत होता. "बदलून घेतो," म्हणाला. हे म्हणाले, "बदला. पन कवा पेट्रोल मिळालं नाय, तर कसं करायचं ते आठवनीत ठेवा." गाडी वळणाआड गेली. मला वाटलं, हे आता घरात जाऊन निजतील. ते उभे राहिले, मग पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "नाचनीचं बी आनायला पायजे. चल."

आम्ही बाजाराच्या वाटेला लागलो. ऊन चढलं होतं. ते पुढे, मी मागे. थोड्या वेळाने ते थांबले, मी बरोबरीला येईपर्यंत थांबून राहिले, आणि मग आम्ही दोघं शेजारी शेजारी चालत गेलो.